कोपराखाली दोन बोटं

‘अप्पांचा हात कधी थरथरला नाही,’ मोठे काका म्हणाले आणि त्यांनी कात्री खाली ठेवली. काकांनी कात्री खाली ठेवली म्हणजे विषय संपला, असा त्या सलूनचा जुना शिरस्ता होता. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचे केस अर्धेच कापून झाले होते. त्यानं आरशातून एकदा काकांकडे पाहिलं, एकदा मिठूकडे. बिचाऱ्याचा या घराण्याशी काही संबंध नव्हता, त्याला फक्त घरी जायचं होतं.

मिठू दुकानाच्या मधोमध हातात धार घालवलेला वस्तरा घेऊन उभी होती. संध्याकाळी तिच्या एकपात्री नाटकाचा पहिला प्रयोग होता आणि सकाळी घरच्यांसाठी शेवटची तालीम ठरली होती. त्यासाठी दुकान बंद ठेवायला काकांनी साफ नकार दिला होता. ‘तालीम तुमची, दुकान माझं,’ असं म्हणून त्यांनी एका बाजूला गिऱ्हाईक घेतलं आणि दुसऱ्या बाजूला नाटक चालू दिलं. इथवर दोन्ही सुखानं नांदत होती.

नाटक अप्पांवर होतं. काका, आत्या आणि मिठूचे बाबा या तिघांचे वडील ते अप्पा. याच दुकानात ते नोकर म्हणून लागले, तेव्हा नदीपलीकडच्या माणसांना अलीकडे कुठंही बसायची बंदी होती. बागेतल्या बाकावर नाही, सभागृहात नाही, दवाखान्यातसुद्धा नाही. पलीकडचे अप्पा अलीकडच्यांच्या दाढ्या करत, पण ज्या खुर्चीभोवती दिवसभर फिरत, तिच्यावर त्यांना क्षणभर टेकता येत नसे. एक दिवस ते तिच्यात बसले. मालकानं हाकलून दिलं, तर दुसऱ्या दिवशी पलीकडची सगळी वस्ती दुकानासमोर येऊन बसली. तिथून सुरू झालेली चळवळ पूल ओलांडून थेट नगरसभेच्या दालनात शिरली आणि कायदा बदलूनच बाहेर आली. पुढे हे दुकान अप्पांनीच विकत घेतलं आणि आता चौकात त्यांचा पुतळा आहे. पुतळ्याच्या हनुवटीवर एक बारीकसा व्रणही कोरला आहे. मोर्चाच्या वेळी पुलावर पोलिसाची काठी लागली ती ही, असं शाळेतल्या बाई मुलांना दाखवतात.

भांडण होतं ते या व्रणावरून.

‘काठी नव्हे रे, वस्तरा,’ आत्या म्हणाली. ती कोपऱ्यातल्या बाकावर ऐसपैस बसली होती. आत्या शिवणकाम करायची आणि जगात जे काही उसवलेलं असेल ते आपल्यालाच शिवायचं आहे, असा तिचा पक्का समज होता. ‘मोर्चाच्या दिवशी सकाळी अप्पा घरी मागच्या खोलीत दाढी करत होते. हात असा लटलटत होता. हनुवटी कापली, रक्त आलं. मी दाराच्या फटीतून पाहिलंय.’

‘तू शेंबडी पोर होतीस तेव्हा.’

‘शेंबड्या पोरांना डोळे नसतात?’

‘डोळे असतात, अक्कल नसते.’

‘आणि तू माझ्याहून एवढा मोठा होतास, तुला तरी कुठे आली होती?’

‘अहो, त्यांचं डोकं राहिलंय अर्धं,’ काकू म्हणाल्या. गिऱ्हाइकानं त्यांच्याकडे कृतज्ञतेनं पाहिलं.

मिठूचे बाबा शिडीवर चढून दुकानाचा बंद पडलेला पंखा उघडून बसले होते. ते वायरमन, नाटकाचे दिवेही तेच सांभाळणार होते. धाकटा असल्यामुळे त्यांचा जन्म दोन दगडांवर पाय ठेवण्यात गेला होता. ‘मी काय म्हणतो,’ ते वरून म्हणाले, ‘थंडीनं थरथरतोय असं दाखव ना. मी निळा दिवा देतो. दादाचंही राहील, ताईचंही राहील.’

‘मोर्चा भर उन्हाळ्यात निघाला होता,’ काका आणि आत्या एकदम म्हणाले. त्या सकाळी दोघांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट.

मग काका मिठूकडे वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते अगदी शांतपणे बोलले. ‘हे बघ मिठू. खुर्ची ने. ती अप्पांची आहे, तुझा हक्क आहे तिच्यावर. कपडे ने, धार लावायचा पट्टा ने, साबणाची वाटी ने. पण तो हात थरथरायचा प्रसंग ठेवलास, तर मी प्रेक्षकांतून उठून वर येईन आणि सगळ्यांसमोर सांगेन की हे खोटं आहे.’

ही नुसती धमकी नव्हती. मागं पुतळ्यापाशी एक मंत्री भाषणात मोर्चाची तारीख चुकले, तेव्हा काका पहिल्या रांगेतून उठले होते आणि मंत्र्यांच्या हातातला माइक घेऊन त्यांनी तारीख दुरुस्त केली होती. वर माइक परत देताना ‘चालू द्या’ म्हणाले होते.

 तो थरथरत्या हाताचा प्रसंग म्हणजे मिठूच्या नाटकाचा जीव होता. त्याच्याशिवाय अप्पा म्हणजे चौकातला पुतळाच, फक्त चालणारा. आणि दुसरीकडे काका होते. लहानपणी सगळ्यांच्या नकला करते म्हणून तिला मिठू हे नाव त्यांनीच दिलं होतं. बाबा तिला अभ्यास कर म्हणायचे, काका म्हणायचे, आता पोस्टमन कसा बोलतो ते करून दाखव. तिच्या प्रत्येक नाटकाला ते दुकानातून तसेच, खांद्यावर टॉवेल टाकून यायचे आणि शेवटच्या रांगेत बसायचे. तो माणूस भर प्रयोगात उठून तिला खोटं म्हणाला तर नाटक पडेल ते पडेल, पण आपण दोघं पुन्हा एकमेकांशी नीट बोलू शकणार नाही, हे तिला कळत होतं.

*

दुपारपर्यंत घरात दोन तट पडले. काकू सकाळी काकांच्या बाजूला होत्या. जेवताना काका ‘बायकांना सगळीकडे रडारड लागते’ असं काहीतरी बोलून गेले आणि हात धुवून होईतो काकू आत्याकडे गेल्या. बाबा आधी आत्याच्या बाजूला होते, पण आत्यानं त्यांच्या निळ्या दिव्याची पुन्हा थट्टा केली, म्हणून ते रुसून काकांच्या बाकावर जाऊन बसले. मूळ भांडण कशावरून आहे ते एव्हाना फक्त मिठूच्या लक्षात होतं.

‘तू कर गं तुझा प्रसंग,’ काकू भांडी विसळता विसळता म्हणाल्या. ‘उठून येईन म्हणतात. यांना उठायची सवयच आहे. आमच्या लग्नातलं ठाऊक आहे ना तुला?’

मिठूला तोंडपाठ होतं, पण काकूंच्या तोंडून ऐकण्यात वेगळीच मजा होती.

‘आम्ही दोघं नटूनथटून वर बसलेले, खाली सगळं गाव. अप्पा पाहुण्यांत बसले होते. उकडत होतं, तोंड पुसायचं म्हणून सवयीनं म्हणाले, टॉवेल. दुकानात कसं, अप्पांनी टॉवेल म्हटलं की जवळ असेल त्यानं उठायचं, मग तो जेवत असो नाहीतर झोपलेला असो. झालं. नवरदेव टुणकन उठले, मला तिथंच टाकून टॉवेल शोधायला गेले. माझे वडील म्हणाले, पळाला वाटतं.’

आत्या हसून हसून खोकायला लागली.

मिठू दुकानात आली तेव्हा काका एकटेच होते. टेम्पो यायचा होता. जुन्या खुर्चीचे लोखंडी हात ते तेलाच्या फडक्यानं पुसत होते. रागावलेले होते, पण खुर्ची कळकट जाऊ देतील तर ते काका कसले.

‘वस्तरा चुकीचा धरतेस,’ ते तिच्याकडे न बघता म्हणाले. ‘मूठ आवळतेस. तीन बोटं वर, करंगळी शेपटीवर. विसरलीस?’

‘फुग्यावर नीट यायचं मला.’

काका आतल्या आत हसले. मिठू लहान असताना त्यांनी तिला फुग्यावर दाढी करायला शिकवलं होतं. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस फासायचा आणि फुगा न फोडता वस्तऱ्यानं तो काढायचा. या धंद्यात सगळे असेच शिकतात. फुगा फुटेल या भीतीनं तिचा हात कापायला लागला, की काका मागून यायचे आणि तिच्या कोपराखाली फक्त दोन बोटं टेकवायचे. हात दाबायचा नाही, धरायचा नाही, नुसता खालून आधार. हात आपोआप ठरायचा.

‘काका, ते कोपराचं तुम्हाला कुणी शिकवलं? अप्पांनी?’

फडकं थांबलं. ‘कुणी नाही. सुचलं एकदा.’

‘काका, घाबरलेला माणूस पूल ओलांडतो, ते मोठं की न घाबरलेला ओलांडतो, ते?’

‘मला कोडी घालू नकोस.’

‘आत्या खोटं बोलते असं वाटतं तुम्हाला?’

काका बराच वेळ खुर्चीचा एकच हात पुसत राहिले. ‘ताकाला जाऊन भांडं लपवत नाही मी,’ ते शेवटी म्हणाले. ‘लोकांच्या मनात अप्पांचा हात सरळ आहे. तो तसाच राहायला हवा. यापलीकडे मला काही विचारू नकोस.’

बाहेर टेम्पोनं हॉर्न वाजवला. खुर्ची चौघांनी उचलली, काकांनी सगळ्यांत जड बाजू घेतली आणि ती चढेपर्यंत टेम्पोवाल्याला शिव्या घातल्या.

*

नाट्यगृह भरलं होतं. पडद्याच्या फटीतून मिठूनं शेवटची रांग पाहिली. काका आले होते. दुकानातून तसेच, खांद्यावर टॉवेल. पुढच्या रांगेत आत्या आणि काकू खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या आणि चुकूनही मागे बघत नव्हत्या. बाबा दिव्यांपाशी. त्यांनी निळा दिवा गुपचूप लावून ठेवलाच होता.

प्रसंग ठेवायचा की गाळायचा, हे मिठूनं अजून ठरवलं नव्हतं. ती मनाशी म्हणाली, तिथवर पोचू, मग बघू.

नाटक रंगलं. ती मालक झाली, फौजदार झाली, बसायला सांगितल्यावर रडू फुटलेली पलीकडची म्हातारी झाली. अप्पा खुर्चीत पहिल्यांदा बसतात आणि मग खुर्ची करकरते म्हणून घाबरून उठतात, तिथं लोक पोट धरून हसले. अप्पांच्या आवाजात तिनं ‘बसा’ म्हटलं, तेव्हा मागं उभे राहिलेले दोघं जण खरोखरच पायऱ्यांवर बसले. तालमीत तिनं हा आवाज लावलाच नव्हता. गळा जपायचा म्हणून ती सगळं आपल्या साध्या आवाजात म्हणत आली होती. आज पहिल्यांदाच तो पूर्ण लागला होता, छातीतून येणारा, थोडा घोगरा, कुणावर न चिडणारा.

आणि मग मोर्चाची सकाळ आली. वाटीत फेस घोटून गालांवर फासताना मिठूनं समोरच्या अंधारात पाहिलं. तिला पुतळा आठवला, त्याचा तो सरळ हात. पलीकडची कितीतरी माणसं त्या दिवशी चळाचळा कापत पूल ओलांडून आली असतील. त्यांचे हात कुठल्याच चौकात नव्हते. ठरलं. तिनं वस्तरा उचलला आणि अप्पांच्या आवाजात, मागं न बघता, सवयीनं टाकल्यासारखा शब्द टाकला.

‘टॉवेल.’

शेवटच्या रांगेत कुणीतरी उठलं.

मिठूला ते दिसलं. काका मधल्या वाटेनं येत होते. भरभर, खाली मान घालून, दुकानात चालतात तसे. आत्यानं वळून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. काकू अर्धवट उठल्या. बाबांनी गोंधळून भलताच दिवा लावला आणि काका पायऱ्या चढून वर आले ते लख्ख उजेडात.

आता बोलतील, मिठूला वाटलं. तिनं श्वास रोखला.

काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, एकदा झटकला, दुहेरी घडी घातली आणि तिच्या डाव्या खांद्यावर टाकला. मग बाजूला होऊन, दोन्ही हात पोटावर बांधून, खुर्चीमागे उभे राहिले. त्यांचे डोळे तिच्यावर होते, पण ते मिठूला बघत नव्हते. नवरदेवाला जसं कुणी उठवलं नव्हतं, तसंच आत्ताही नव्हतं. पाय आपले आपण आले होते.

लोकांना वाटलं, हे नाटकातलंच आहे.

परत फिरायला वाट नव्हती. मिठूनं वस्तरा हनुवटीपाशी नेला आणि हात थरथरायला लागला. तो थरथर कापणार हे तिनं ठरवलं होतं, पण आता तो खराच कापत होता. काका एका हाताच्या अंतरावर उभे होते. वस्तरा हनुवटीला लागून मागं आला. पुन्हा लागला, पुन्हा मागं आला. नाट्यगृहात कुणी खोकत नव्हतं.

तेवढ्यात तिच्या उजव्या कोपराखाली दोन बोटं टेकली.

‘अप्पा,’ काका म्हणाले, फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू. आवाज म्हाताऱ्या माणसाचा नव्हताच, मिसरूडही न फुटलेल्या पोराचा होता. ‘श्वास सोडा. मी आहे खाली.’

मिठूनं श्वास सोडला. हात ठरला. आत्यानं दाराच्या फटीतून जे पाहिलं होतं त्याच्या पुढचा भाग आत्ता इथं घडत होता आणि तो आजवर एकाच माणसाला ठाऊक होता. मिठूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं ते पुसलं नाही. फेसावरून वस्तरा एकदा सरळ वरून खाली आला, मग दुसऱ्या गालावरून. तिनं टॉवेलनं तोंड पुसलं आणि अप्पांचं पुढचं वाक्य म्हटलं, ‘चला. लोक पुलावर थांबलेत.’

काकांनी मान हलवली. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं की आपण कुठे उभे आहोत. ते दचकले, लोकांकडे बघून उगाच हसले, भलत्याच बाजूनं आत शिरले आणि आत काहीतरी धाडकन पडलं. तो बाबांचा निळा दिवा होता.

*

प्रयोगानंतर मेकअपच्या खोलीत सगळं घर कोंबून भरलं. एकच खुर्ची होती, तिच्यात आत्या बसली. काका कोपऱ्यात तोंड फिरवून उभे होते. 

‘तू होतास तिथं,’ आत्या त्यांना म्हणाली.

‘मला अप्पांनी आत बोलावलं. तुला पाणी आणायला पाठवलं होतं. तू दाराशी थांबलीस होय गं?’

‘थोडा वेळ. मग गेले पाणी आणायला.’ आत्याचा आवाज बारीक झाला. ‘परत आले तोवर दाढी झालेली होती. मला इतकी वर्षं वाटायचं, त्यांनी एकट्यानं केली. तू मला वेड्यात का काढलंस रे?’

‘अप्पांनी बजावलं होतं. म्हणाले, लोक माझ्या हाताकडे बघून निघालेत, त्यांना सरळ हात दिसू दे. हे कुठं बोलायचं नाही. बरं म्हणालो.’

‘अहो, मला तरी सांगायचं,’ काकू म्हणाल्या.

‘तुला सांगायचं आणि पेपरात द्यायचं, यात फरक काय?’

‘आणि आज सगळ्यांसमोर सांगितलंत ते?’ मिठूनं विचारलं.

‘कुठं सांगितलं?’ काकांचा चेहरा अगदी निर्मळ होता. ‘एक शब्द बोललो का मी? टॉवेल मागितला, टॉवेल दिला.’

आधी आत्या हसली, मग काकू, मग सगळेच. आत्या उठली, भावाच्या शर्टाचं वरचं बटण लोंबत होतं ते तिनं ओढून पाहिलं आणि उद्या लावून देते म्हणाली. दोघांमध्ये एवढीच माफी पुरेशी होती.

‘उद्याचं काय पण?’ बाबांनी मोडका दिवा दाखवत विचारलं. ‘उजेड दोघांवर टाकायचा की एकीवर? जाहिरातीत एकपात्री लिहिलंय.’

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

‘एकीवर,’ काका म्हणाले. ‘मला रोज उठबस करायला दुकान आहे.’

मिठूनं खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. घडी नीट करून परत तिच्या खांद्यावर ठेवला.

‘तुझ्याकडेच असू दे. एकटीनं करायचं तर टॉवेल आपला आपणच घ्यायचा असतो.’ ते दारापर्यंत गेले, थांबले आणि वळले. ‘मिठू, एक सांगू? हात जरा कमी थरथरला तुझा. अप्पांचा याहून जास्त थरथरत होता.’

आणि ज्या हातानं उभ्या जन्मात एकाही गिऱ्हाइकाच्या गालावर साधा ओरखडा उमटू दिला नव्हता, तो हात पुढे करून त्यांनी तिला किती ते दाखवलं.